करमुक्त रोखे, सरकारी गृहकर्ज आणि व्याजाचा प्रश्न

घर ही अल्लाहची मोठी देणगी आहे. दिव्य कुरआनातील सूरह अन-नहलच्या ८० व्या आयतीत अल्लाहने आपल्या उपकारांची आठवण करून देताना घराचा उल्लेख विश्रांतीचे व शांततेचे स्थान म्हणून केला आहे. कुटुंबाची इज्जत, मुलांचे संस्कार, वृद्धांचा आधार आणि इबादतीची निवांतता या सर्वांना एक छप्पर लागते. म्हणून स्वतःचे घर असावे ही इच्छा निंद्य नाही. ते घर कोणत्या मार्गाने मिळवावयाचे, एवढाच प्रश्न आहे.

आपल्यापैकी अनेकांची मुले-मुली आज अमेरिकेत स्थिरावली आहेत. तेथे घर घेण्याची वेळ आली की हितचिंतक सुचवितात, ‘ही खाजगी सावकारी नाही. राज्य सरकारची योजना आहे, दर कमी आहे आणि प्रथमच घर घेणाऱ्यासाठीच ती आहे.’ या सल्ल्यात काही सत्य आहे आणि काही भ्रमही आहे. दोन्ही वेगळे करावयाचे असतील तर ही योजना चालते कशी, हे आधी नीट समजून घ्यावे लागेल. व्यवहाराचे स्वरूप न समजता त्यावर हुकूम सांगणे हा दीनी विद्वानांचा मार्ग नव्हे.

महसूल-रोखे म्हणजे काय?

सरकारला मोठी रक्कम उभी करावयाची असते तेव्हा ते रोखे विकते. रोखा म्हणजे कर्जाची चिठ्ठी. ती घेणारा सरकारला आज रक्कम देतो. सरकार त्याला ठरलेल्या दराने व्याज आणि मुदत संपल्यावर मुद्दल देण्याचे वचन देते. अमेरिकेतील राज्ये व नगरपालिका प्रामुख्याने दोन प्रकारचे रोखे काढतात. पहिल्या प्रकारामागे सरकारची संपूर्ण करशक्ती उभी असते. वेळ पडल्यास कर वाढवून ते कर्ज फेडण्याची हमी त्यात असते. दुसरा प्रकार महसूल-रोख्यांचा. त्यांची फेड एखाद्या विशिष्ट उत्पन्नातूनच व्हावयाची असते. पुलाच्या रोख्यांची फेड पुलावरील टोलमधून होते आणि पाणीपुरवठ्याच्या रोख्यांची पाणीपट्टीतून. गृहकर्जासाठी काढलेल्या रोख्यांची फेड घरमालकांच्या मासिक हप्त्यांतून होते.

हे काम बहुतेक राज्यांत स्वतंत्र गृहनिर्माण वित्तसंस्था करतात. न्यूयॉर्क राज्याने १९६० साली अशी संस्था स्थापन केली आणि पुढील दोन दशकांत बहुतेक राज्यांनी तिचे अनुकरण केले. १९७८ साली शिकागो शहराने वैयक्तिक घरांसाठी असे करमुक्त रोखे काढले, तेव्हा इतर अनेक शहरेही या मार्गाने जाऊ लागली. सरकारी सवलत सधन खरेदीदारांच्या पदरात पडत आहे, अशी टीका झाली आणि अमेरिकी संसदेने १९८० साली खास कायदा करून या रोख्यांवर मर्यादा घातल्या. १९८६ च्या करसुधारणा कायद्याने त्या आणखी कडक केल्या.

दर कमी कसा होतो?

राज्य सरकार बाजारापेक्षा स्वस्त कर्ज देते, ते काही जादूने नव्हे. १९१३ च्या आयकर कायद्यापासून राज्यांच्या व नगरपालिकांच्या रोख्यांवरील व्याज केंद्रीय आयकरातून मुक्त ठेवण्यात आले आहे. गृहकर्जाचे महसूल-रोखेही ठरावीक अटी पाळल्यास या सवलतीस पात्र ठरतात.

उदाहरणादाखल समजा, एखादा श्रीमंत मनुष्य आपल्या उत्पन्नाच्या वरच्या भागावर ३२ टक्के कर भरतो. त्याला साध्या रोख्यावर ६ टक्के व्याज मिळाले तर कर वजा जाता हाती सुमारे ४.०८ टक्के उरतात. मग करमुक्त रोख्यावर ४.१ टक्के मिळत असतील तर तो ते आनंदाने स्वीकारील. राज्याच्या संस्थेला अशा रीतीने बाजारापेक्षा कमी दराने रक्कम मिळते आणि ती पुढे कमी दराने कर्जाऊ देता येते.

हप्त्यातील फरक पाहा. दोन लाख डॉलरचे कर्ज तीस वर्षांसाठी साडेसहा टक्क्यांनी घेतले तर मासिक हप्ता सुमारे १,२६४ डॉलर पडतो. तेच कर्ज पाच टक्क्यांनी मिळाले तर हप्ता सुमारे १,०७४ डॉलर होतो. दरमहा सुमारे १९० डॉलरची ही बचत साध्या नोकरदार कुटुंबाला मोठी वाटणे स्वाभाविक आहे.

परंतु ही बचत कोणाच्या खिशातून येते? केंद्रीय खजिन्याला जो कर मिळावयाचा तो मिळत नाही. त्या सोडलेल्या कराचा एक हिस्सा घर घेणाऱ्याकडे, एक हिस्सा रोखेधारकाकडे आणि काही हिस्सा मध्यस्थांच्या शुल्काकडे जातो. म्हणजे गरिबाला घर देण्याच्या या मार्गात धनिकाच्या व्याजाची सोय आधी होते. ही गोष्ट लक्षात ठेवावी. पुढे तिचा संबंध येणार आहे.

पैशाचा प्रवास

संस्था रोखे विकते आणि जमा झालेली रक्कम एका विश्वस्त बँकेच्या ताब्यात देते. विश्वस्ताशी झालेल्या करारपत्रात कोणत्या खात्यात काय जमा होईल, आधी कोणाचे देणे फेडले जाईल आणि राखीव निधी किती राहील, हे सर्व लिहिलेले असते. स्थानिक बँका अर्जदारांची छाननी करून कर्ज देतात आणि संस्था ती कर्जे त्यांच्याकडून विकत घेते. पुष्कळ वेळा ती एकत्र बांधून त्यांच्यावर केंद्र सरकारच्या एखाद्या संस्थेची हमी घेतली जाते. मग दरमहा घरमालकांचे हप्ते गोळा होतात. विश्वस्त त्यातून रोखेधारकांचे व्याज आणि मुद्दल फेडतो.

कायद्याने घातलेल्या मुख्य अटी अशा आहेत :

१. अर्जदाराच्या मालकीचे राहते घर मागील तीन वर्षांत नसावे. ठरावीक मागास भाग व माजी सैनिक यांना या अटीतून सूट आहे.

२. कुटुंबाचे उत्पन्न त्या भागातील मध्यम उत्पन्नाशी बांधलेल्या मर्यादेत असावे. तीन किंवा अधिक माणसांच्या कुटुंबासाठी ही मर्यादा साधारणतः ११५ टक्के आणि त्याहून लहान कुटुंबासाठी १०० टक्के आहे.

३. घराची किंमत त्या भागातील सरासरी खरेदी-किमतीच्या ९० टक्क्यांहून अधिक नसावी. मागास भागात ही मर्यादा ११० टक्के आहे.

४. कर्जाचा प्रभावी दर रोख्यांच्या परताव्यापेक्षा १.१२५ टक्के अंकांहून अधिक नसावा. म्हणजे रोख्यांचा परतावा ४ टक्के असेल तर कर्जाचा दर ५.१२५ टक्क्यांच्या आत राहिला पाहिजे.

५. प्रत्येक राज्याने वर्षभरात असे किती रोखे काढावेत यास लोकसंख्येनुसार मर्यादा आहे. २०२४ साली ती माणशी १२५ डॉलर होती, लहान राज्यांसाठी किमान रक्कम वेगळी ठरविलेली होती, आणि याच मर्यादेत इतर काही कामांचे रोखेही बसवावे लागतात.

६. पहिल्या नऊ वर्षांत घर नफ्याने विकले आणि दरम्यान उत्पन्नही ठरावीक मर्यादेपलीकडे वाढले, तर सवलतीचा काही भाग सरकार परत घेते.

न्यायबुद्धीने पाहिले तर या अटींत शहाणपण आहे. गरजूला प्राधान्य आहे, नफ्यावर लगाम आहे, सवलतीचा गैरफायदा घेणाऱ्यावर अंकुश आहे आणि पैशाच्या प्रत्येक हालचालीचा लेखी हिशेब आहे. देणेघेणे लिहून ठेवण्याची आज्ञा ज्या उम्मतला सूरह अल-बकराच्या २८२ व्या आयतीत दिली गेली, तिने असा काटेकोरपणा दुसऱ्यात पाहून त्याचे कौतुक करावे आणि आपल्या संस्थांच्या ढिसाळ हिशेबाकडे पाहून लाजावे. चांगली व्यवस्था कोठेही असो, तिच्यातून शिकण्यास इस्लाम मनाई करीत नाही.

मूळ दोष कोठे आहे?

मात्र अटी कितीही चांगल्या असल्या तरी व्यवहाराचा गाभा तपासावाच लागतो. येथे दोन करार आहेत. पहिला करार रोखेधारक आणि संस्था यांच्यातला. रोखेधारक रक्कम देतो आणि ठरलेल्या वाढीसह ती परत मागतो. दुसरा करार संस्था आणि कुटुंब यांच्यातला. संस्था रक्कम देते आणि तीही ठरलेल्या वाढीसह परत मागते. दोन्ही ठिकाणी दिले जाते ते कर्ज आणि मागितली जाते ती कर्जावरील पूर्वनिश्चित वाढ. शरीअत यालाच रिबा म्हणते.

व्याज आणि व्यापार सारखेच आहेत, असा युक्तिवाद अज्ञानकाळातील लोकही करीत. सूरह अल-बकराच्या २७५ व्या आयतीत त्यांचे हे म्हणणे नमूद करून स्पष्ट केले आहे की अल्लाहने व्यापार वैध केला आणि रिबा निषिद्ध केला. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी व्याज घेणारा, देणारा, त्याचा करार लिहिणारा आणि त्याचे साक्षीदार या सर्वांना पापात सहभागी ठरविले असल्याचे सहीह मुस्लिममधील हदीसवरून कळते. यात खाजगी सावकार आणि सरकार असा भेद केलेला नाही. व्याज घेणारा हात राजाचा असला म्हणून ते शुद्ध होत नाही.

जेद्दा येथील आंतरराष्ट्रीय इस्लामी फिकह अकादमीने मार्च १९९० च्या आपल्या सहाव्या अधिवेशनात व्याजी रोखे काढणे, विकत घेणे व त्यांचा व्यापार करणे निषिद्ध असल्याचा ठराव केला आणि ते खाजगी संस्थेने काढले की सरकारशी निगडित संस्थेने, याने फरक पडत नाही हेही स्पष्ट केले. त्याच अधिवेशनात घरबांधणी व घरखरेदीसाठी व्याजी कर्ज घेण्यासही अवैध ठरवून भाडेपट्टा, हप्त्यांवरील विक्री असे पर्याय सुचविण्यात आले.

हा मुद्दा केवळ अमेरिकेतील वाचकांपुरता नाही. आपल्या देशात १९७० साली स्थापन झालेल्या हुडको या सरकारी गृहनिर्माण वित्तसंस्थेने २०१२ साली करमुक्त रोखे सर्वसामान्यांसाठी खुले केले होते. असे रोखे निघाले की ‘सरकारी आहे, करमुक्त आहे, सुरक्षित आहे’ म्हणून आपल्यातील निवृत्त मंडळीही त्यांकडे वळतात. त्यांनी एवढे ध्यानात घ्यावे : करमुक्त म्हणजे व्याजमुक्त नव्हे. कर माफ करणे सरकारच्या हाती आहे. हराम माफ करणे कोणाच्याही हाती नाही.

केवळ नाव बदलून भागत नाही

कोणी म्हणेल, सरकारने कर्ज न देता घरच विकत घेऊन विकावे, म्हणजे प्रश्न मिटला. याचे एक जुने उदाहरण कॅलिफोर्नियात आहे. त्या राज्याने १९२१ पासून माजी सैनिकांसाठी अशी योजना चालविली की राज्याचा विभाग स्वतः घर विकत घेतो आणि सैनिकाला हप्त्यांनी विकतो. पूर्ण फेड होईपर्यंत मालकीपत्र विभागाकडे राहते. यासाठीची रक्कम राज्याच्या रोख्यांतून उभी राहते. वरवर पाहता हा विक्रीचा करार आहे. परंतु शिल्लक रकमेवर व्याज आकारले जाते. म्हणून सरकार घर विकत घेऊन विकू शकते, हे या योजनेने सिद्ध केले, पण व्याजाचे मूळ त्यात तसेच राहिले.

दुसरे उदाहरण मिनेसोटा राज्याचे. तेथे सोमालियातून आलेल्या मुस्लिम कुटुंबांची मोठी वस्ती आहे. व्याजाला नकार देणारी ही कुटुंबे भाड्याच्या घरांतच राहत. २००९ च्या सुमारास राज्याच्या गृहनिर्माण वित्तसंस्थेने मिनियापोलिसमधील आफ्रिकन डेव्हलपमेंट सेंटर या संस्थेच्या सहकार्याने त्यांच्यासाठी वेगळी योजना काढली. घर विकत घेऊन ते अधिक किमतीने कुटुंबाला हप्त्यांनी विकावयाचे आणि ही किंमत व हप्ते आरंभीच ठरवून टाकावयाचे, असे तिचे स्वरूप होते. फिकहच्या भाषेत ही मुराबहा होय. त्या वेळी यावर टीकाही झाली. तरी एक गोष्ट विचार करण्याजोगी आहे. त्या कुटुंबांनी आपल्या श्रद्धेवर ठाम राहून वाट पाहिली, शासकीय संस्थेला आपली अडचण समजावून सांगितली आणि शासनाने मार्ग शोधला. अल्पसंख्य समाजाने आपली बाजू योग्य रीतीने मांडली तर दार उघडू शकते.

मुराबहा खरी ठरण्यासाठी विक्रेत्याने माल आधी स्वतःच्या मालकीत घेतला पाहिजे, त्याची जोखीम एका क्षणापुरती का होईना स्वीकारली पाहिजे, किंमत एकदाच ठरली पाहिजे आणि हप्ता लांबला तर ती वाढता कामा नये. ठरविलेला हप्ता बाजारातील दराशी तुलना करून काढला, एवढ्याने विक्री अवैध होत नाही, असे अनेक विद्वान सांगतात. जो दुकानदार शेजारच्या दुकानातील भाव पाहून आपला भाव ठरवितो त्याचा सौदा हलालच राहतो. परंतु कागदोपत्री खरेदी दाखवून प्रत्यक्षात केवळ रक्कम दिली असेल तर ते व्याजच आहे.

रोख्यांच्या जागी काय?

योजनेच्या दुसऱ्या टोकाचा, म्हणजे भांडवल उभारणीचा, प्रश्न उरतो. महसूल-रोखे ठरावीक उत्पन्नाशी बांधलेले असल्याने ते सुकूकसारखेच आहेत, असे काहींना वाटते. साम्य आहे, पण भेद मूलभूत आहे. महसूल-रोखेधारक घरांचा मालक नसतो. तो केवळ घेणेकरी असतो. खऱ्या सुकूकमध्ये प्रमाणपत्रधारक मालमत्तेत हिस्सेदार असतो. भाडे आले तर त्यातील वाटा त्याला मिळतो आणि मालमत्तेचे नुकसान झाले तर तेही त्याला सोसावे लागते. नफा त्याचाच, जो नुकसानीची जोखीम उचलतो, हे फिकहचे सुप्रसिद्ध तत्त्व आहे.

ब्रिटिश सरकारने २०१४ साली २० कोटी पौंडांचे भाडेपट्ट्यावर आधारित सुकूक काढले. त्यामागे सरकारी इमारतींचे भाडे होते. त्याआधी २००३ साली त्या देशाने कायद्यात बदल करून इस्लामी पद्धतीच्या घरखरेदीवर दोनदा मुद्रांक शुल्क लागण्याची अडचण दूर केली होती. मलेशियात १९८६ साली स्थापन झालेली कागामास ही संस्था गृहवित्तासाठी सुकूक काढते. अर्थात सुकूक हे नाव लावले म्हणजे सर्व आलबेल झाले असे नाही. मुफ्ती मुहम्मद तकी उस्मानी यांनी २००७ साली प्रचलित सुकूकांच्या रचनेवर कठोर टीका केली आणि २००८ साली बहरीनस्थित आओइफी या मानक-संस्थेने स्पष्ट केले की भागीदारीच्या सुकूकमध्ये व्यवस्थापकाने दर्शनी किमतीला परत खरेदीचे वचन देऊ नये. कारण मुद्दल सुरक्षित आणि वाढ निश्चित झाली की मालकी नावापुरती उरते आणि व्यवहार पुन्हा कर्जाकडे वळतो.

घर घेणाऱ्या कुटुंबासाठी घटती भागीदारी हा आणखी एक मार्ग आहे. समजा, घर अडीच लाख डॉलरचे आहे. कुटुंब पन्नास हजार देते आणि वित्तसंस्था दोन लाख. कुटुंब एक पंचमांश हिश्श्याचे मालक झाले आणि संस्था चार पंचमांशाची. कुटुंब संस्थेच्या हिश्श्याचे भाडे देते आणि हळूहळू तो हिस्साही विकत घेते. हिस्सा घटत जातो तसे भाडेही घटते. अमेरिकेत २००२ साली सुरू झालेली गायडन्स रेसिडेन्शियल ही संस्था याच तत्त्वावर घरे देते.

निकड आणि सवलत

येथे मतभेदाचीही प्रामाणिक नोंद करावयास हवी. युरोपियन कौन्सिल फॉर फतवा अँड रिसर्चने १९९९ साली पाश्चात्त्य देशांतील मुस्लिमांची निकड ध्यानात घेऊन राहण्यासाठीच्या एकाच घरापुरती, अन्य मार्ग व अन्य साधन नसल्यास, व्याजी गृहकर्जाची सशर्त सवलत दिली. अनेक विद्वानांनी तिच्याशी असहमती दर्शविली. भाड्याचे घर उपलब्ध असताना निकड सिद्ध होत नाही, असे त्यांचे म्हणणे होते. सवलत देणाऱ्यांनीही व्याजाला हलाल म्हटले नव्हते, हे मात्र विसरू नये. ज्याच्यावर हा प्रसंग येईल त्याने आपली खरी परिस्थिती विश्वासू मुफ्तीपुढे ठेवावी. सोयीचा फतवा शोधत हिंडू नये.

करारावर सही करण्यापूर्वी

कोणतीही योजना समोर आली, सरकारी असो वा इस्लामी नावाची, तर पुढील प्रश्न विचारावेत :

– मला रक्कम दिली जात आहे की घर विकले वा भाड्याने दिले जात आहे?

– विक्रेता एखाद्या क्षणी तरी घराचा खरा मालक होतो काय?

– किंमत आजच निश्चित झाली आहे काय? की ती दराबरोबर बदलणार आहे?

– हप्ता चुकला तर देणे वाढते काय?

– घर आगीत वा पुरात नष्ट झाले तर नुकसान कोणाचे?

– अडचणीच्या काळात सवड मिळण्याची काय तरतूद आहे?

शेवटचा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा आहे. सूरह अल-बकराच्या २८० व्या आयतीत देणेकरी अडचणीत असेल तर त्याला सुबत्ता येईपर्यंत सवड देण्याची आज्ञा आहे आणि देणे माफ करणे त्याहून उत्तम म्हटले आहे. महसूल-रोख्यांची रचना अशी आहे की हप्ते थांबले तर रोखेधारकांचे देणे अडते. म्हणून संस्थेचा हेतू कितीही भला असला तरी शेवटी घर जप्त करण्याकडेच तिला वळावे लागते. ज्याने धोका वाटून घेतलेला नाही त्याला दया परवडत नाही. व्याजाने माणसा-माणसांत उभी केलेली भिंत ती हीच.

आपल्या समाजात धनिक आहेत, वक्फच्या जमिनी आहेत, निष्णात हिशेबनीस आहेत आणि घराविना असलेली कुटुंबेही आहेत. परक्यांनी व्याजाच्या पायावर एवढी शिस्तबद्ध व्यवस्था उभारली, ती भागीदारीच्या पायावर उभारणे आपल्याला अशक्य नाही. एका गावातील दहा कुटुंबांनी मिळून एका गरजू कुटुंबाच्या घरात हिस्सा घेतला, भाडे न्याय्य ठेवले आणि हिस्सा परत विकण्यात घाई केली नाही, तरी आरंभ होईल. अल्लाह आपल्याला हलाल निवारा देवो, आपले व्यवहार शुद्ध ठेवो आणि ज्यांना घर नाही त्यांच्यासाठी आपल्या मनात व मालमत्तेत जागा निर्माण करो. आमीन.